हितं बोट ठेवा

मी कतारमध्ये लोकरीचे कपडे विकतो. नाशिकला गेल्यावर हे वाक्य कोणाला ऐकवलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे, आणि तिला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "सगळं ठीक आहे ना?" हल्ली मी समजावत बसत नाही. जुलैच्या दुपारी दोहात गाडीच्या दाराला हात लावायची सोय नसते हे खरं, पण मॉलमध्ये शिरलं की आत असा गारठा असतो की माणसाला मुकाट्याने स्वेटर आठवतो. शिवाय इथली श्रीमंत कुटुंबं उन्हाळाभर युरोपात असतात, आणि तिकडे जाताना नवी शाल लागतेच. त्यामुळे माझं दुकान चालतं.

दुकान एका इटालियन कंपनीचं. घरचीच कंपनी, तिसरी पिढी, फक्त विणलेले कपडे. नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझ्या करारात तसं एक कलम आहे. दुसरं कारण म्हणजे मी ते नाव उच्चारलं की इटलीहून आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर दात दुखल्यासारखा भाव येतो.

मी या दुकानाचा मॅनेजर, आणि शिवाय 'हेरिटेज ट्रेनर'. म्हणजे नवी माणसं कामाला लागली की त्यांना कंपनीचा इतिहास सांगायचा. त्यासाठी मुख्य कचेरीने बेचाळीस स्लाइड पाठवलेल्या आहेत. डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. संस्थापक आजोबा, दुकानोदुकानी फिरून मोजे विकणारे. एका संध्याकाळी त्यांनी डोंगरावर मावळतीचे रंग पाहिले आणि त्यांना रंगीत पट्ट्यांचं विणकाम सुचलं. 'त्यांच्यामागे खंबीरपणे उभी राहिलेली पत्नी', हिला सगळे नोन्ना म्हणतात, म्हणजे आजी. स्वयंपाकघरात विणलेलं पहिलं कार्डिगन. मग जुनं यंत्र, मग कारखाना, मग मुलगी, मग नातवंडं. मी अजून इटली पाहिलेली नाही, पण हा इतिहास इतक्यांदा सांगितलाय की नोन्नाच्या स्वयंपाकघरात मी जेवून आलोय अशा थाटात बोलतो. बायको म्हणते, "स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर आईला फोन लावतोस." ते खरं आहे.

या इतिहासाला पहिला सुरुंग लावला तो गनीचाचांनी.

दुकानाच्या मागे, मालाची कपाटं आणि वाफेची इस्त्री यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत एक टेबल आणि एक दिवा होता. तिथे गनीचाचा बसत. आमचे रफूवाले. साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, पांढरी बारीक दाढी, मनगटापर्यंत बटणं लावलेला चौकड्यांचा शर्ट. चष्मे दोन. एक नाकावर, एक कपाळावर, आणि कधीकधी दोन्ही कपाळावर ठेवून ते डोळे मिटून काम करत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी शिंपी म्हणून दोहाला आले आणि सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका म्हाताऱ्या रफूवाल्याकडे बसून हे काम शिकले. त्या म्हाताऱ्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला, त्यामुळे सगळं शिक्षण बघून झालेलं. "बोलला असता तर यवडा शिकलो नसतो," असं ते मला ऐकवायचे. माझ्या बेचाळीस स्लाइडवर त्यांचं हे मत होतं असा माझा दाट संशय आहे.

नियमाप्रमाणे त्यांनाही ट्रेनिंग द्यावं लागलं. फिलिपिनो मुली, एक नेपाळी पोरगा आणि शेवटच्या खुर्चीवर चाचा. मी मावळतीचे रंग वगैरे रंगात येऊन सांगितलं आणि विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" असा प्रश्न फक्त विचारायचा असतो, त्याला उत्तर नसतं. चाचांनी हात वर केला.

"मास्तर, त्या सगल्यात इनीत कोन होता?"

"म्हणजे?"

"आजोबा डोंगर बघित होता. ता समजला. इनीत कोन होता?"

मी म्हटलं, अर्थात नोन्ना विणत होती, तेविसाव्या स्लाइडमध्ये आहे ते.

"मग पट्टे तिला सुचले असतील," चाचा म्हणाले. "जो इनतो त्यालाच लोकर कवा संपते ता म्हायत असता."

मला वाटतं त्या दिवसापासून ते मला मास्तर म्हणू लागले. ते आदराने म्हणत नव्हते हे कळायला मला वर्ष लागलं.

माझ्या शहाणपणाचा दुसरा नमुना साखरेचा. पँट्रीतली साखर संपू लागली. पंधरा दिवसांची साखर चार दिवसांत. मी मॅनेजर असल्यामुळे मी चौकशी केली, मग नोटीस लावली, इंग्रजीत आणि हिंदीत: साखर ही कंपनीची मालमत्ता आहे. मुलींवर संशय घेतला, नेपाळी पोराला दोन चमचेवाला म्हणून टोमणा मारला. शेवटी एका सकाळी मी चोर पकडलाच. चाचा सिंकपाशी उभे राहून, तळहातावर साखर आणि खोबरेल घेऊन, दोन्ही हात खसाखसा घासत होते.

"चाचा, हे काय?"

"बोटं खरखरीत असली तर कश्मीरी लोकरीचा धागा धरतात मास्तर. रोज घासायला लागतात." मग साबणाने तीनदा धुऊन त्यांनी बोटं माझ्या गालाला लावली. माझ्या मुलीचे गाल लहानपणी होते तशी ती मऊ होती. "नोटीस वाचली मी. पन ती चायच्या साकरेची वाटली."

मी नोटीस काढून टाकली. नेपाळी पोराची माफी मागायची राहून गेली, ती अजून राहिली आहे.

पण चाचांची खरी भानगड वेगळीच होती. त्यांचा रफू डोळ्याला दिसत नसे. दोहातल्या उंची कपड्यांना भोकं पडतात ती मुख्यतः ऊदामुळे. बायका शाली, अबाया धुपाटण्यावर धरतात आणि एखादा निखारा उडतो. अशी जळकी जागा चाचा टाका टाका करून अशी भरत की भिंगातून बघावं तरी कळू नये. आणि मग, एवढं सगळं केल्यावर, ते मालकाला ती जागा दाखवत! पुरुष असला तर त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवायचं. बाई असली तर हात लावायचा नाही, सुईच्या बोथट टोकाने जागा दाखवायची आणि म्हणायचं, "हितं बोट ठेवा. हितं हाय." डोळ्यांना काही दिसत नसे, पण बोटाला किंचित जाडी लागे. बोट त्या जागेवर पडल्याशिवाय ते कपडा सोडत नसत.

एकदा एका कतारी बाईंची शाल मी टिश्यूत गुंडाळून, फीत बांधून, मखमली पिशवीत घालून दोन्ही हातांनी अर्पण करत होतो, तेवढ्यात मागून चाचा आले. सपाता घालून दुकानात पुढे यायचं नाही हा नियम मीच केलेला. त्यांनी पिशवी घेतली, फीत सोडली, शाल पसरली आणि सुई टेकवली. "मॅडम, इदर." मला दरदरून घाम फुटला, एवढ्या एसीत. शाल अगदी नव्यासारखी झाली असं मी नुकतंच सांगून बसलो होतो. बाईंनी बोट ठेवलं, डोळे मिटले, पुन्हा फिरवलं. मग हसल्या, "शुक्रन" म्हणाल्या आणि गेल्या. मी चाचांना आत नेऊन झापलं.

"जे गिऱ्हाइकाला दिसत नाही ते दाखवायचं कशाला?"

चाचांनी सुई शर्टाच्या खिशाला टोचली. "माजा बाबा जाली सांधायचा. सांधून झाला की तांडेलाचा हात धरून त्या जागेवर ठेवायचा. दर्यात गेल्यावर जोर खय द्यायचा नाय, ता नाव चालवनाऱ्याला म्हायत पायजे. लपवला, आनि तिथंच जाला फाटला, तर बुडनारा तो. बाबा घरीच बसलेला."

"ही शाल आहे चाचा. दर्यात नाही जाणार."

"सवय हो, मास्तर."

पुढच्या आठवड्यात त्या बाईंच्या ड्रायव्हरने आणखी तीन शाली आणून दिल्या. मी त्यावर काही बोललो नाही. न बोलण्याची मला सवय नाही, पण तेव्हा जमलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. हे लिहिताना अजून कानशिलं गरम होतात.

कंपनीचा मोठा वाढदिवस होता आणि त्यानिमित्त आमच्या दुकानात इतिहासाचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलं. फोटो, जुने नमुने, आणि मधोमध नोन्नाने विणलेलं ते पहिलं कार्डिगन. प्रत्यक्ष तेच. उद्घाटनाला नोन्नाची मुलगी येणार होती. ऐंशीच्या घरातली, जिने आईनंतर सगळी कंपनी चालवली. तिला सगळे सिन्योरा म्हणतात. बरोबर तिचा नातू लुका. प्रदर्शनाची पाटी लिहिण्याचा मान माझा. मी लिहिलं होतं, 'या कार्डिगनला इतक्या वर्षांत कोणाचाही हात लागलेला नाही. ते विणलं त्या दिवशी जसं होतं तसंच आहे.' वाक्य लिहून झाल्यावर मी ते बायकोला फोनवर वाचून दाखवलं होतं.

गुरुवारी कार्डिगन आलं. काचपेटी यायला शनिवार सकाळ होणार होती. मधल्या काळात ते माझ्या जबाबदारीवर, आणि जबाबदारी म्हटलं की मला नियम सुचतात. दुकानातला प्रत्येक कपडा चोरघंटेच्या टॅगशिवाय ठेवायचा नाही, हा नियम मीच केलेला. त्या टॅगला जाड टाचणीसारखी पिन असते. ती कधीही विणीतून घालायची नाही, कॉलरच्या लेबलमधून घालायची, हेही मीच शिकवतो, एकतिसावी स्लाइड. मी लेबल शोधलं. लेबल नव्हतं. कसं असेल? ते कार्डिगन विणलं तेव्हा कंपनीच जन्मली नव्हती. हे सगळं जगाला सांगत फिरणाऱ्या माणसाला त्या क्षणी हे सुचलं नाही. मी पिन विणीतून घातली.

मग मला शंका आली, म्हणून ती काढायला गेलो. टॅग सोडवायच्या चुंबकावर तो तिरका बसला, पिन अडकली, मी ओढलं. टप् असा आवाज आला. एक धागा तुटला आणि त्याच्याखालचा टाका सुटला, त्याच्याखालचा सुटला, आणि माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं लांब शिडी उतरत गेली. मी ती थांबवायला अंगठा दाबून धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. माझी नोकरी त्या अंगठ्याखाली होती. नोकरी म्हणजे व्हिसा, व्हिसा म्हणजे मुलीची शाळा, घर, सगळं. मला खरोखर रडू येत होतं.

शुक्रवार चाचांच्या सुट्टीचा. सकाळीच मी गाडी घेऊन बरवा अल बराहाला गेलो, कामगारांच्या त्या वसाहतीत चाचा आठ जणांच्या खोलीत राहत. काय झालंय ते मी त्यांना वाटेत सांगितलं. मी मागच्या सीटकडे हात केला. तिथे साखरेचं एक किलोचं पाकीट होतं, मी विकत घेतलेलं. ते पाहून चाचा हसले आणि मला जरा धीर आला.

शुक्रवारी मॉल दुपारच्या नमाजानंतर उघडतो, त्यामुळे दुकानात आम्ही दोघेच. चाचांनी हात घासले, धुतले, दोन्ही चष्मे कपाळावर चढवले आणि कार्डिगन उलटं करून मांडीवर घेतलं. लगेच सुई काढली नाही. डोळे मिटून ते बोटं फिरवत राहिले, कॉलरपासून काठापर्यंत.

"पाटीवर काय लिवलाय मास्तर? वाचा."

मी वाचलं. कोणाचाही हात लागलेला नाही.

"सात ठिकानी फाटलाय ह्यो. तुमचा आठवा." त्यांनी माझं बोट धरलं आणि एकेका जागी ठेवत गेले. हितं. हितं. कोपराला दोन. खिशाला एक. मला पहिल्यांदा काही कळेना, मग चौथ्या जागी बोटाला किंचित गाठ लागली. "सा एका हाताचे हाईत. म्हातारीचे. सफाई हाय बाईला. ह्यो सातवा, काखेतला, ह्यो कुना पोराचा. टाका केवडा ओढलाय बगा. भ्यालेला हात हाय." मग पट्ट्यांच्या आतल्या बाजूला लोंबणारी टोकं दाखवली. "आनि ह्ये तुमचे डोंगरावरचे रंग. दर चार ओलींनी लोकर संपली हाय तिची. घरात जी उरली ती लावीत गेली."

बेचाळीस स्लाइड त्यांनी पाच मिनिटांत उसवल्या. माझं लक्ष मात्र माझ्या शिडीकडे होतं.

त्यांनी क्रोशाच्या बारीक सुईने एकेक सुटलेला टाका वर चढवला. तुटलेल्या जागी लागणारा धागा बाहेरून आणला नाही. नोन्नाने आत सोडलेल्या टोकांपैकी एक लांब टोक घेऊन त्यानेच भरलं. "तिचाच धागा. ती असती तर तिनं ह्योच घेतला असता." दोन तास लागले. संपलं तेव्हा मला काहीही दिसेना. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

"चाचा, एकच मेहेरबानी," मी म्हटलं. "उद्या हा दाखवू नका."

त्यांनी चष्मा नाकावर आणला.

"माझी नोकरी जाईल. कोणाला कळणारसुद्धा नाही. फक्त एकदा." आणि मी माझं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं, लहान मुलांना गप्प करतात तसं. चाळिशी उलटलेला, टाय घातलेला माणूस.

"मास्तर, नमाजाची येल झाली," ते म्हणाले आणि उठले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

शनिवारी सिन्योरा आली. ठेंगणी, काठी टेकत चालणारी, अंगात राखाडी साधा स्वेटर. लुका तिच्या कोपराशी. मी सूट घातला होता. काचपेटी अजून उघडीच होती, कारण तिला कार्डिगन हातात घ्यायचं होतं. मी पाटी वाचून दाखवली. कोणाचाही हात लागलेला नाही, हे वाक्य वाचताना माझा आवाज चिरकला, तो भावनेने असं सगळ्यांना वाटलं.

आणि मागच्या दारातून चाचा आले. धुतलेला शर्ट, पायात बूट, हातात सुई. मी दुरूनच ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सिन्योरासमोर मान लववली आणि सुईचं बोथट टोक कार्डिगनवर टेकवलं.

"मॅडम, यहाँ टूटा था. मैंने भरा है."

आता गंमत बघा. चाचांची हिंदी इंग्रजीत करणारा मी होतो, आणि माझी इंग्रजी इटालियनमध्ये करणारा लुका. म्हणजे देवाने माझी सुटका माझ्याच जिभेवर ठेवली होती. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "आमचे कारागीर म्हणतात, विणकाम फारच उत्कृष्ट आहे."

लुकाने ते इटालियनमध्ये सांगितलं. सिन्योरा माझ्याकडे नाही, सुईकडे बघत होती. तिने काठी लुकाकडे दिली आणि बोट ठेवलं, बरोबर तिथे. फिरवलं. थांबली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला कसल्याही भाषांतराची गरज नव्हती.

लुकाने विचारलं, "हे कोणी तोडलं?"

चाचा छताकडे बघू लागले. त्यांनी जागा दाखवली होती, नाव घ्यायचं त्यांच्या कामात बसत नव्हतं. फिलिपिनो मुली जमिनीकडे बघत होत्या. आणि मला एकदम कळलं की मी गप्प राहिलो तर लुका चाचांनाच धरणार. सुई त्यांच्याच हातात होती.

"मी," मी म्हटलं. "टॅग लावला. विणीतून. लेबल नव्हतं."

लुका काहीतरी भराभर बोलू लागला, त्यात माझं आडनाव दोनदा आलं. सिन्योराने त्याला हाताने थांबवलं. मग तिने चाचांचं मनगट धरलं. चाचा दचकले, माझ्याकडे केविलवाणे बघू लागले, पण बाई सोडेना. तिने त्यांचं बोट कार्डिगनच्या काखेत नेऊन ठेवलं.

"हां," चाचा म्हणाले, "मालूम है. बच्चे का हाथ है."

हे मी नीट सांगितलं. शब्दाला शब्द. लुकाने आजीला सांगितलं, आणि ती म्हातारी आधी हसली, मग तिचे डोळे भरले. ती बोलत गेली आणि लुका थांबत थांबत सांगत गेला, कारण त्यालाही हे माहीत नव्हतं. धाकटा भाऊ झाला तेव्हा ही पाच वर्षांची. आई सगळा वेळ त्याच्यापाशी, म्हणून हिने रागाने आईचं कार्डिगन कात्रीने कापलं. आईने मारलं नाही. सुई हातात दिली आणि म्हणाली, तूच भर. भरून झाल्यावर म्हणाली, बाबांना सांगायचं नाही. "तो माझ्या आयुष्यातला पहिला टाका," सिन्योरा म्हणाली. "आजवर कोणालाच तो सापडला नव्हता."

चाचांनी मला हळूच सांगितलं, "पट्ट्यांचा पन इचारा." मी विचारलं. लोकर पुरत नव्हती, म्हणून. डोंगरबिंगर नंतर कचेरीने लिहिलं.

माझी नोकरी गेली नाही. शिक्षा मात्र झाली. प्रदर्शनाच्या सगळ्या पाट्या दुपारपर्यंत नव्याने लिहायच्या, आणि पहिल्या पाटीवर लिहायचं, 'हे कार्डिगन आठ वेळा फाटलं आणि आठ वेळा भरलं.' लोकांना काचपेटीशी नेऊन ते आठवं भोक माझं आहे, हे महिनाभर मी स्वतःच्या तोंडाने सांगत होतो. तेव्हापासून मी इतिहास सांगताना तेविसावी स्लाइड पहिली दाखवतो. विणत कोण होतं, तिथून सुरुवात.

चाचा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं. त्यांनी ते कोणाला न कळू देता दोनेक वर्षं सहज काढली असती, कारण काम बोटंच करत होती. पण त्यांनी स्वतः जाऊन एचआरच्या माणसाचा हात धरला, आपल्या डोळ्याशी नेला आणि सांगितलं, "ये गया." कागद हलले, तिकीट निघालं. मी चिडलो. "कशाला सांगितलंत?" ते म्हणाले, "मास्तर, जोर खय द्यायचा नाय ता मालकाला नको कलायला?" मला त्यांचा फार राग आला, आणि त्या रागात मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या उरलेल्या दिवसांतले दोन दिवस मी असे घालवले.

जाण्याआधी त्यांनी माझं एक काम केलं. जगातल्या उंची लोकरीच्या दुकानाचा मी मॅनेजर, पण मागच्या खोलीत एसी सोसवत नाही तेव्हा मी आईने विणलेला मरून स्वेटर घालतो. एक बाही लांब, गळा तोकडा. कंपनीच्या माणसांना दिसू नये म्हणून तो खणात लपवतो. त्याच्या कोपराला भोक पडलं होतं. आई नाशिकहून दर रविवारी विचारते, "घालतोस ना?" भोक पडलंय हे मी तिला सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी मॉलच्या मागच्या दाराशी बरवाची बस उभी होती. चाचांनी घडी केलेला स्वेटर माझ्या हातात दिला, "चलतो मास्तर" म्हणाले आणि पायऱ्या चाचपत चढले. बस निघायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. कोपरावर भोक नव्हतं, आणि त्यांनी माझं बोट धरलंच नव्हतं.

मी बसच्या बाजूने चार पावलं धावलो, टायसकट. "चाचा, जागा! जागा दाखवली नाहीत!"

खिडकीत त्यांचा चेहरा आला, दोन्ही चष्मे कपाळावर. त्यांनी माझ्याकडे बघून आपलं बोट ओठांवर ठेवलं, लहान मुलांना गप्प करतात तसं, आणि हसले. बस वळून मोठ्या रस्त्याला लागली.

तो स्वेटर आता माझ्या अंगात आहे. मागच्या खोलीत कोणी नसलं की मी हात साखरेने घासतो, तीनदा धुतो, डोळे मिटतो आणि कोपरावरून बोट फिरवत राहतो. आईची एक चुकलेली ओळ मला सापडली आहे. चाचांची जागा अजून सापडलेली नाही.